वीतभर एंजिनाच्या कपाळावरील डोळा

एल्ब नदीच्या कांठचें हॅम्बुर्ग हें जर्मनींतील सर्वांत मोठें बंदर. समुद्र येथून सुमारें शंभर किलोमीटर दूर. तरी भरतीचें पाणी नदीच्या वाटेनें इतकें आंत येतें कीं, शहरांतील कालव्यांची पातळी दिवसांतून दोनदां चढते व दोनदां उतरते. या कालव्यांच्या कडेनें तांबड्या विटांच्या अनेक मजली वखारींची लांबच लांब रांग उभी आहे. तिला श्पायखरश्टाट, म्हणजे वखारींचें नगर, असें म्हणतात. १८८३ सालीं या नगराच्या बांधकामास आरंभ झाला आणि १८८८ मध्यें त्याचा पहिला भाग कैसर दुसरा विल्हेल्म याच्या हस्तें उघडण्यांत आला. जमीन दलदलीची, म्हणून हजारों लांकडी खांब खोल ठोकून त्यांवर हा सारा पसारा तोलून धरिला आहे. पूर्वीं या जागीं दाट वस्ती होती. ती हजारों माणसें उठवून त्यांच्या जागीं कॉफी, चहा, मसाले आणि गालिचे यांना घर देण्यांत आलें, ही गोष्ट त्या भव्य भिंतींकडे पाहतांना विसरूं म्हटल्यास विसरवत नाहीं. २०१५ सालीं युनेस्कोनें या वखारींची जागतिक वारशांत गणना केली.

ज्या रस्त्यावर आम्हांला जावयाचें होतें त्याचें नांव केअरवीडर. शब्दाचा सरळ अर्थ 'परत ये' असा. त्याची व्युत्पत्ति लावणारे पुष्कळ आहेत. मला मात्र आपल्याकडे उंबरठा ओलांडणारा मनुष्य 'जातों' न म्हणतां 'येतों' म्हणतो, त्याची आठवण झाली.

या रस्त्यावरील एका वखारींत आज मालाऐवजीं एक जग सांठविलेलें आहे. मिनियाटूर वुंडरलांड असें त्याचें नांव; आपण त्यास लघुरूपांतील अद्भुतनगरी म्हणूं. फ्रेडरिक व गेरिट ब्राउन हे जुळे भाऊ रात्रीचें नृत्यगृह चालवीत असत. २००० सालीं फ्रेडरिक झुरिक येथें खेळण्यांतील आगगाड्यांच्या एका दुकानांत शिरले, बाळपणचा छंद जागा झाला, आणि त्यांनीं हॅम्बुर्गला भावास फोन करून कळविलें कीं, जगांतील सर्वांत मोठी लघुरेल्वे आपण बांधावयाची. पुढल्याच वर्षीं, ऑगस्ट २००१ मध्यें, प्रदर्शनाचीं दारें उघडलीं. आज तेथें एक हजारांहून अधिक गाड्या आहेत, पंधरा किलोमीटरांहून अधिक लांबीचे रूळ आहेत, आणि अडीच लाखांहून अधिक माणसें आहेत. हीं माणसें अर्थात् बोटाच्या दोन पेरांपेक्षांही लहान. जगांत जें असेल त्याच्या ८७ वा हिस्सा, हें येथील माप. पांच फूट सहा इंचांचा गृहस्थ येथें दोन सेंटीमीटरांहून किंचित् कमी भरतो, आणि युरोपांतील १४३५ मिलिमीटर रुंदीचा रेल्वेमार्ग साडेसोळा मिलिमीटरांचा होतो. आपल्या रुंद मार्गाची प्रतिकृति याच मापानें केली तर ती सव्वाएकोणीस मिलिमीटर भरेल. म्हणजे येथेंही आपले रूळ त्यांच्याहून थोडे रुंदच राहतील!

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त सहकुटुंब हॅम्बुर्गास असतात. गेल्या उन्हाळ्यांत मी एकटाच त्यांच्याकडे गेलों होतों. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे गेलीं कांहीं वर्षें इतके दुखतात कीं, वाईच्या घाटाच्या पायऱ्या उतरणेंही त्यांनीं सोडलें आहे. मग विमानांत आठ-दहा तास बसण्याची गोष्टच नको. निघतांना त्यांनीं मला एकच बजावलें, "फोटो पाठवूं नका. फोटोंत तुम्हीच मध्यें उभे असतां आणि मागचं कांहीं दिसत नाहीं. काय पाहिलंत तें सांगा." ही अट पाळणें सोपें होतें. अवघड होती ती दुसरी गोष्ट. आमचा नातू दहा वर्षांचा. त्याला मराठी समजतें. परंतु उत्तर मात्र जर्मनमध्यें येतें. दर रविवारीं दूरध्वनीच्या पडद्यावर आजी समोर आली कीं, "जेवलास का?" "हो." "शाळा कशी आहे?" "छान." एवढ्यावर संभाषण संपतें, आणि मग दोघेंही एकमेकांकडे पाहून हंसत बसतात. मुलाचा दोष नाहीं. ज्या भाषेंत दिवसभर कांहीं करावयाचें नसतें त्या भाषेंत बोलावें तरी काय? पण फोन बंद झाल्यावर आजीचा चेहरा मीं वाईस असतांना पाहिलेला आहे.

असो. प्रदर्शनांत पाऊल टाकतांच प्रथम दृष्टि भांबावते. खालीं हार्झ पर्वताचा प्रदेश, पलीकडे आल्प्स, क्नुफिंगेन नांवाचें एक काल्पनिक गांव, तेथें दर थोड्या वेळानें लागणारी आग आणि घंटा वाजवीत धांवणारे बंब. रस्त्यांवरील मोटारीही आपोआप चालतात. रस्त्याच्या पृष्ठभागाखालीं एक तार पुरलेली असते व मोटारीच्या पुढच्या चाकांना जोडलेलें चुंबक त्या तारेचा माग काढीत जातें. स्कँडिनेव्हियाच्या भागांत सुमारें तीस हजार लिटर खरें पाणी आहे व त्यांत जहाजें फिरतात. २०११ सालीं सुरू झालेल्या विमानतळावरून विमानें धांवत जाऊन वर उठतात आणि भिंतींतील पडद्याआड नाहींशीं होतात. दर पाव तासानें सभागृहांतील दिवे मंद होत जातात, सांज पडते, आणि त्या अडीच लाख माणसांच्या घरांतून, स्टेशनांतून, मोटारींतून लाखों दिवे लागतात. हा क्षण आला कीं हजर असलेले सर्व लोक बोलावयाचे थांबतात. यशोदेनें बाळकृष्णाच्या मुखांत विश्व पाहिलें त्या वेळीं तिला काय वाटलें असेल, याची कल्पना मला तेथें थोडीशी आली.

पण खरें सांगावयाचें तर दोन तासांनीं माझें मन जरा विटलें. सर्व कांहीं वरून दिसत होतें. आपण कठड्याशीं उभे, जग आपल्या कमरेइतकें उंच, आणि त्यांतील प्रत्येक गोष्ट आपल्या नजरेखालीं. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत राम पुष्पकांतून सीतेला पृथ्वी दाखवितो. तोही वरूनच पाहतो. परंतु खालच्या प्रत्येक ठिकाणीं तो स्वतः दुःख भोगून आलेला असतो, म्हणून त्याच्या पाहण्यांत जीव आहे. आम्ही या छोट्या जगांत कधीं राहिलोंच नव्हतों. आमची उंची हीच आमची अडचण होती.

ती अडचण ज्या युक्तीनें दूर होते ती पाहावयास मिळाली तेव्हां मी पुन्हां ताजातवाना झालों. प्रदर्शनाचें नियंत्रण एका मोठ्या दालनांतून चालतें. तेथें माणसें पडद्यांसमोर बसून गाड्यांवर नजर ठेवितात. कांहीं गाड्यांच्या पुढें करंगळीच्या नखाएवढ्या भिंगाचे कॅमेरे बसविलेले असतात. २०१६ च्या जानेवारींत गूगल कंपनीनेंही अशाच अगदीं लहान कॅमेऱ्यांच्या मोटारी व गाड्या या प्रदर्शनांतून फिरविल्या, आणि रस्त्यांचीं चित्रें दाखविणाऱ्या आपल्या नकाशांत क्नुफिंगेनचे रस्तेही दाखल केले. म्हणजे पुण्यामुंबईचे रस्ते पाहतां येतात तसेच, घरीं बसून, या गांवचेही पाहतां येतात! फरक इतकाच कीं, तेथील लोक हालत नाहींत. पण पुण्याच्या चित्रांतले तरी कोठें हालतात?

एंजिनावर कॅमेरा ठेवण्याची कल्पना मात्र मुळींच नवी नाहीं. ती सिनेमाच्या जन्माइतकीच जुनी आहे. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यांतील सहा तुकड्यांपैकीं एक स्टेशनांत शिरणाऱ्या आगगाडीचा होता. पुढें स्वतः कॅमेरा मागवून चित्रें घेणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांना या खेळांनींच नाद लावला. त्या तुकड्यांत कॅमेरा फलाटावर उभा होता आणि गाडी त्याच्याकडे येत होती. वर्षभरांतच कोणी तरी तो उचलून गाडीवर चढविला, आणि १८९७ पासून पुढें कांहीं वर्षें युरोप-अमेरिकेंत एंजिनाच्या तोंडाशीं कॅमेरा बांधून घेतलेल्या चित्रांची धूम उडाली. इंग्रजींत त्यांना भुताची सफर अशा अर्थाचें नांव पडलें. कारण दृश्य तर अंगावर धांवून येतें, पण पाहणारा आणि वाहन हीं दोन्ही चित्रांत कोठेंच नसतात. कालिदासाच्या दुष्यंताला मृगाचा पाठलाग करितांना रथावरून हाच अनुभव आला होता. दूर बारीक दिसलेली वस्तु एकाएकीं मोठी कशी होते आणि दूरचें व जवळचें हा भेद कसा पुसला जातो, हें त्याच्या तोंडचें वर्णन शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत आहे. वर्गांत तो श्लोक शिकवितांना मी मुलांना आगगाडीच्या खिडकीचें उदाहरण देत असें. आतां वाटतें, खिडकीचें नव्हे, एंजिनाच्या कपाळाचें द्यावयास हवें होतें.

प्रदर्शनांतून परततांना आमच्या नातवानें आपल्या शेजारच्या आजोबांचें नांव काढलें. हे गृहस्थ सुतारकामांतून निवृत्त झालेले, वयानें मजहून थोडे मोठे. जर्मन घरांना तळघर असतें आणि तळघरांत बहुधा जुन्या वस्तु असतात. यांच्या तळघरांत मात्र १ : ८७ मापाची एक रेल्वे आहे. फळ्यांचा सुमारें बारा फूट लांबीचा चौथरा, दोन स्टेशनें, दोन बोगदे, एक नदी आणि एक चर्च. नातवाची तेथें शनिवारची हजेरी ठरलेली. गेल्या वाढदिवसाला त्याला एक चिमुकला व्हिडिओ कॅमेरा मिळाला होता. तो गाडीवर बसवावयाचा असा या दोघांचा बेत झाला आणि मला प्रेक्षक म्हणून बोलावणें आलें. मी तीन शनिवार प्रेक्षक होतों. त्यांत जें दिसलें तें जरा विस्तारानें सांगतों, कारण घरोघरचीं मुलें हा उद्योग करूं लागल्यास उपयोगी पडेल.

प्रथम प्रश्न आला तो उंचीचा. कॅमेरा एंजिनाच्या टपावर ठेवणें सर्वांत सोपें; पण तेथून दिसतें तें पक्ष्याला दिसावें तसें. खऱ्या एंजिनांत चालकाचे डोळे रुळांपासून सुमारें तीन मीटर उंच असतात. ८७ नें भागिल्यास हे साडेचौतीस मिलिमीटर होतात. म्हणजे भिंगाचा मध्य रुळांपासून तीन-साडेतीन सेंटीमीटरांवर आला पाहिजे. एंजिनांत तर मोटर भरलेली. म्हणून सुतार आजोबांनीं एक सपाट वाघीण घेतली, तिच्यावर पातळ लांकडाची खांच करून कॅमेरा आडवा बसविला, त्याच्या मागें लहानशी बॅटरी ठेविली आणि ही वाघीण एंजिनाच्या पुढें जोडून एंजिनानें ती ढकलावी अशी योजना केली.

ढकलली जाणारी हलकी वाघीण वळणावर रुळांवरून उतरते, हें पहिल्याच फेरींत दिसलें. ओढलेली गाडी सरळ राहूं पाहते. ढकललेली वांकडी होऊं पाहते. यावर उपाय वजनाचा. वाघिणीच्या पोटाखालीं शिशाचे दोन तुकडे चिकटविले, तेव्हां ती शहाण्यासारखी चालूं लागली. दुसरी गोष्ट, भिंग पुढच्या चाकांच्या फार पुढें आलें तर वळणावर त्याचें तोंड रूळ सोडून बाहेर पाहूं लागतें आणि चित्रांत मार्ग नाहींसा होऊन भिंतच दिसते. म्हणून भिंग होईल तितकें चाकांच्या जोडीच्या डोक्यावर आणलें. तिसरी बोगद्याची. कॅमेऱ्याचें कोंपरें बोगद्याच्या कमानीस घांसेल कीं काय, हें पाहण्यासाठीं आजोबांनीं कॅमेऱ्याच्या आकाराचा पुठ्ठा कापून तो वाघिणीवर उभा केला आणि आधीं त्याची एक फेरी काढली. खऱ्या रेल्वेंतही मालाची उंची-रुंदी तपासण्यास अशीच चौकट असते. पुठ्ठा एके ठिकाणीं घांसला. तेथें त्यांनीं कॅमेरा न कापतां कमान कानसीनें घासली. "बोगदा मी बांधला आहे, कॅमेरा नाहीं," असें ते म्हणाले.

चौथी अडचण भिंगाची. असले कॅमेरे दूरचें स्पष्ट दाखविण्यासाठीं जुळवून ठेविलेले असतात. येथें तर सर्वांत दूरचा डोंगर चार मीटरांवर आणि सिग्नलचा खांब चार बोटांवर. भिंगाच्या आट्यांवर डिंकाचा एक थेंब असतो. तो नखानें हळूच काढून भिंग अर्धा फेरा बाहेर फिरविलें, तेव्हां जवळच्या वस्तु रेखीव झाल्या. भिंग जितकें बारीक तितकी जवळची व दूरची वस्तु एकाच वेळीं स्पष्ट दिसण्याची सोय अधिक. त्यामुळें मोठ्या कॅमेऱ्याला जें साधलें नसतें तें या मोहरीएवढ्या भिंगाला साधलें. शेवटीं उजेड. तळघरांतील दिव्यांमुळें चित्रावर आडवे पट्टे सरकत असत. मागचा जुना दिवा बदलून दुसऱ्या प्रकारचा लावतांच ते गेले.

चित्र बिनतारी मार्गानें टेबलावरील पडद्यावर येत होतें. नातवानें हट्ट धरिला कीं, मी गाडीकडे पाहणारच नाहीं. खऱ्या चालकाप्रमाणें पडद्यांत पाहूनच गाडी चालवीन. प्रत्येक वेळीं गाडी फलाट ओलांडून हातभर पुढें जाऊं लागली. कारण असें कीं, कॅमेऱ्यानें पाहिलेलें पडद्यावर येईपर्यंत क्षणाचा कांहीं अंश जातो. मुलगा जें पाहत होता तें घडून गेलेलें होतें. हें त्यास उमगलें तेव्हां तो फलाटाच्या अलीकडील फाटक दिसतांच वेग कमी करूं लागला. खऱ्या एंजिनावरील चालकही समोर दिसल्यावर थांबत नाहीं. पुढें काय येणार हें ठाऊक असतें म्हणून थांबतो.

आतां त्या पडद्यावर काय दिसलें तें सांगतों. वरून पाहतांना जी बारा फुटांची फळी होती ती एकाएकीं प्रदेश झाली. शेवाळाच्या गोळ्यांचें रान झालें. भुशाचा चढ डोंगर झाला. बोगद्याचें तोंड दूर काळ्या टिंबाएवढें दिसूं लागे, वाढे, आणि मग सबंध पडदाच गिळून टाकी. त्या क्षणीं, आपण खुर्चीवर बसलों आहोंत हें ठाऊक असूनही, माझी मान खालीं गेली. चर्चच्या पायरीवर उभी असलेली माणसें प्रथमच आमच्या उंचीचीं झालीं. त्यांतील एकाच्या चेहऱ्यावर रंगाचा ठिपका चुकून डोळ्याखालीं पडलेला होता. वरून तो कधींच दिसला नसता. येथें तो रडणारा मनुष्य वाटला.

पण या डोळ्यापासून कांहींच लपत नाहीं, हेंही तितकेंच खरें. घरांच्या मागल्या भिंती रंगविलेल्या नव्हत्या. रुळांत पडलेला एक केस मोठ्या ओंडक्यासारखा आडवा आला. धुळीचे कण दगड होऊन बसलेले. अद्भुतनगरींत धूळ काढण्याचें काम सतत कां करावें लागतें, हें मला येथें समजलें. वळणेंही खोटीं ठरलीं. तेथील सर्वांत अरुंद वळण ३६ सेंटीमीटर त्रिज्येचें. ८७ नें गुणिल्यास एकतीस मीटर. इतक्या आंखूड वळणावरून मुख्य मार्गाची गाडी कोणी नेणार नाहीं. आपल्या माथेरानच्या दोन फुटी मार्गावर, जो १९०७ सालीं सुरू झाला, तेथें मात्र असलीं वळणें मुबलक आहेत. म्हणून पडद्यावर ती भारदस्त जर्मन एक्सप्रेस वळणापुरती माथेरानची गाडी होत असे.

याहून सूक्ष्म एक गोष्ट आहे, आणि ती मला फार आवडली. मापें लहान करितां येतात, वेगही लहान करितां येतो. ताशीं साठ किलोमीटरांची गाडी येथें सेकंदाला एकोणीस सेंटीमीटर चालविली कीं अगदीं खरी वाटते. परंतु पृथ्वीचें आकर्षण लहान करितां येत नाहीं. खरी वस्तु तीन मीटर उंचीवरून पडावयास पाऊण सेकंदाहून थोडा अधिक वेळ घेते. त्याच्या ८७ वा हिस्सा उंचीवरून पडावयास तिला त्याच्या ८७ वा हिस्सा वेळ लागत नाहीं, सुमारें नववा हिस्सा लागतो. म्हणून रुळांच्या सांध्यावर गाडीला बसणारा हिसका पडद्यावर खऱ्या गाडीसारखा डुलत नाहीं, चटकन् थरथरतो. पाण्याचेंही तसेंच, लहान जहाजामागें लहान लाटा उठतात, पण त्या लाटांना जडपणा नसतो. त्या जगांत सर्व खोटें चालतें. ही एक गोष्ट मात्र फसवितां येत नाहीं.

बोगद्याच्या पलीकडे आणखी एक आश्चर्य होतें. लघुरेल्वेच्या डोंगराखालीं बहुधा एक लपलेलें स्टेशन असतें. जर्मन लोक त्यास छायास्टेशन अशा अर्थाचा शब्द वापरितात. दर्शनी भागांतून गेलेली गाडी तेथें अंधारांत रांगेनें उभी राहते आणि तिची पाळी आली कीं पुन्हां बाहेर येते. प्रेक्षकाला वाटतें, गाडी कोठें तरी दूर देशीं जाऊन आली. आमच्या नाट्यशास्त्राच्या भाषेंत हें नेपथ्यच. येथें नट वेष उतरीत मात्र नाहींत, नुसते उभे असतात. कॅमेरा त्या काळोखांत शिरला तेव्हां एंजिनाच्या दिव्याच्या उजेडांत पांच गाड्या मुकाट्यानें उभ्या असलेल्या दिसल्या. नातू हळूच म्हणाला, "आजोबा, झोपल्या." तीन शनिवारांत त्यानें आपण होऊन माझ्याशीं बोललेला हा पहिला मराठी शब्द.

मग मींच सुचविलें कीं, ही सफर आजीला दाखवावी. चित्राबरोबर येणारा आवाज म्हणजे मोटरीची घरघर. तो बंद ठेवावा लागला. मुक्या चित्राला बोलणारा कोणी तरी पाहिजे, आणि आजीला जर्मन येत नाहीं. तो म्हणाला, शब्द सांगा. मीं सांगितले. रूळ, सांधा, खडी, बोगदा, मोरी, पूल, फाटक, फलाट, खांब, वळण, उतार, वाघीण. 'वाघीण' ऐकून तो हंसला. मालाच्या डब्याला वाघीण म्हणणारी भाषा त्याला एकदम मोलाची वाटूं लागली. इंग्रजी 'वॅगन'चें आपल्या लोकांनीं वाघीण केलें हें सांगितलें, तेव्हां त्यानें सुतार आजोबांनाही तें जर्मनमध्यें समजावून दिलें आणि ते त्या दिवसापासून कॅमेऱ्याच्या वाघिणीला पुठ्ठ्याचे दोन कान लावावेत काय, असा गंभीर विचार करूं लागले. पुण्यास कोथरूडांत भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय आहे, तेथें या पोराला एकदां न्यावयाचें असें मीं त्याच वेळीं ठरविलें. तेथील सर्व गाड्यांविषयीं मराठींत विचारतां येईल.

रविवारीं दुपारीं आम्ही तिघे तळघरांत उतरलों. वाईस तेव्हां सायंकाळ झालेली. सौभाग्यवती देवापाशीं दिवा लावून, चष्मा पुसून, पडद्यासमोर येऊन बसल्या. त्यांचें माहेर कोरेगांवचें, पुणें-मिरज मार्गावरील. लहानपणीं त्या मार्गावरून येजा करीत. वाईस आल्यापासून रेल्वे सुटली, कारण वाईला रेल्वे नाहीं, जवळचें स्टेशन वाठार. नातवानें गाडी सोडली आणि सांगावयास आरंभ केला. "आजी, हा फलाट. आतां सांधा येईल. आतां फाटक. फाटक बंद आहे, लाल मोटार थांबली. आतां बोगदा." मधून मधून तो अडे, माझ्याकडे पाही, मी ओठांनीं शब्द दाखवीं, आणि तो पुढें जाई. 'मोरी' शब्द त्याला आठवेना. त्यानें 'पुलाचं बाळ' असें म्हटलें आणि आजीला तें मोरीपेक्षां अधिक समजलें.

पहिली फेरी झाल्यावर आजींनीं विचारलें, "अरे, ही गाडी जाते कुठं?"

"कुठंच नाहीं. परत इथंच येते."

"आणि मधल्या स्टेशनावर ती कोण बसलीय? बाकावर. मला नीट दिसलं नाहीं. जरा थांबव."

दुसऱ्या फेरींत त्यानें गाडी फाटकापासूनच हळू केली व बाकासमोर नेमकी उभी केली. पडद्यावर एक म्हातारी बाई दिसूं लागली. डोक्याला रुमाल, पायांशीं टोपली. आम्हीं ती तीन शनिवारांत पाहिलेली नव्हती; सुतार आजोबांना विचारलें तेव्हां ते म्हणाले, त्यांच्या पत्नीनें फार वर्षांपूर्वीं रंगवून तेथें बसविलेली. त्या आतां हयात नाहींत. नातवानें तें मराठींत आजीला सांगितलें. वाक्य मोडकें होतें, पण सबंध होतें.

वाईकडून बराच वेळ कांहीं आलें नाहीं. मग आवाज आला, "मग तिच्यापुढं गाडी नुसती थांबवूं नकोस रे. चढायला वेळ लागतो. गुडघे दुखत असतात."

त्यानें घड्याळ लावलें. तेव्हांपासून त्या तळघरांतील प्रत्येक गाडी मधल्या स्टेशनावर पूर्ण दोन मिनिटें उभी राहते, आणि तेवढ्या वेळांत नातू आजीला आठवडाभरांत शाळेंत काय झालें तें सांगतो. सुतार आजोबांनीं बाकाशेजारीं तांदळाच्या दाण्याएवढा एक दिवा लावून दिला आहे. तो कोणत्या तारेवर जोडला आहे हें ते दाखवीत नाहींत.